गंजलेले दोन बोल्ट

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीच्या रविवारी आमच्या गल्लीने माझे फक्त पाय पाहिले. बाकीचा मी आमच्या गाडीखाली उताणा पडलो होतो. येणारा-जाणारा थांबे, पायांशीच बोले. "सर, काही मदत करू का?" असे पायांना विचारी आणि पायांनी उत्तर द्यायच्या आत पुढे निघून जाई.

अंबाजोगाईच्या महाविद्यालयात मी वीस वर्षे मराठी शिकवतो. मुकुंदराजांच्या समाधीचे हे गाव. त्यांचा शके १११० मधला 'विवेकसिंधु' मुलांच्या गळी उतरवायचा म्हणजे काय कष्ट पडतात ते माझे मला ठाऊक. तेव्हा अडलेली ओवी ज्याला सोडवता येते त्याला अडलेले दोन बोल्ट सोडवायला कितीसा वेळ लागणार, असा माझा हिशेब होता. तो किती चुकला ते सांगण्यासाठीच हा लेख.

गाडीची हकिकत थोडक्यात सांगतो. मारुती आठशे. माझ्या वडिलांनी घेतलेली. वडील गेले, गाडी राहिली. ही जात भारतातल्या रस्त्यांवर प्रथम आली डिसेंबर १९८३ मध्ये आणि तिचे उत्पादन थांबले जानेवारी २०१४ मध्ये. म्हणजे आता तिला माहेर उरलेले नाही. तरी सुटे भाग मिळतात, आणि घर ते कॉलेज दोन किलोमीटर जायला दुसरी गाडी हवी कशाला? गेल्या पावसाळ्यात मात्र तिचा आवाज घोगरा होऊ लागला. आधी सर्दी झाल्यासारखा, मग घसा बसल्यासारखा. गणपती बसेपर्यंत ती ट्रॅक्टरच्या सुरात बोलू लागली. "अहो, तुम्ही चौकात वळलात की मला इथे ऐकू येते. मग मी चहाचे आधण ठेवते," असे पत्नी म्हणाली, तेव्हा मला त्यात सोयच दिसली.

सायलेन्सर सडला होता. नवा आणला. तो बसवून घ्यायला गॅरेजमध्ये गेलो तर तिथे पाय ठेवायला जागा नाही. दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यात ही अवस्था असते. ऊसतोडीला निघणाऱ्या मंडळींचे ट्रक आणि ट्रॅक्टर गॅरेजांच्या दारात रांगा लावून उभे असतात. लाखो माणसे बायकापोरांसह पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात. त्यांची वाहने आधी, मग आम्ही. हे योग्यच आहे. पण मला भाऊबीजेला आईला घेऊन बहिणीकडे बीडला जायचे होते. केज, नेकनूर, मांजरसुंबा या वाटेने नव्वदेक किलोमीटर. ट्रॅक्टरच्या आवाजात जाऊन बहिणीच्या दारात उभे राहायचे म्हणजे ओवाळायच्या आधी सगळा वाडा गोळा व्हायचा.

सायलेन्सर बदलणे म्हणजे वरकरणी काहीच नाही. इंजिनाकडून एक पाइप येतो, मागून सायलेन्सरचा पाइप येतो. दोघांच्या तोंडाला लोखंडी पट्टी असते, मध्ये पॅकिंग, आणि दोन बोल्ट. दोन बोल्ट काढायचे, जुना उतरवायचा, नवा चढवायचा, दोन बोल्ट लावायचे. शेजाऱ्याकडून पान्यांची पिशवी आणली, चाकांना विटा लावल्या, जॅकवर भरवसा न ठेवता खाली लाकडी ठोकळे दिले (एवढी एक गोष्ट मी शहाणपणाची केली) आणि आत शिरलो.

पहिला अर्धा तास मी बोल्ट सोडवत नव्हतो, आवळत होतो. उताणे पडून, डोक्याच्या मागून हात नेऊन, बोल्टच्या पाठीमागून पाना लावला की डावे-उजवे उलटे होते. बोल्टच्या डोक्याकडे तोंड करून घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवायचे, हे मला पाठ होते. पण मी डोक्याकडे तोंड करून नव्हतोच! हे ध्यानात आल्यावर दिशा बदलली. आता पाना फिरू लागला. फार सहज फिरू लागला. हात लावून पाहिले तर बोल्ट जागच्या जागी आणि त्याचे षटकोनी डोके लिंबासारखे गोल झालेले. मी वापरला होता तो फिक्स पाना. तो डोक्याच्या दोनच बाजू धरतो. जोर जास्त झाला की कोपरे सोलून काढतो. रिंग पाना किंवा गोटी पाना सहाही बाजूंनी धरतो. हे ज्ञान मला नंतर झाले.

दुसऱ्या बोल्टला मी रिंग पाना लावला आणि पान्याच्या दांड्यात हातपंपाचा पाइपाचा तुकडा अडकवला. दांडा लांब, तर जोर जास्त, हे शाळेत शिकलेले. दोन्ही पाय चाकाला टेकवून ओढले. कट्‌ असा आवाज झाला आणि पाना माझ्या छातीवर आला. "सुटला!" म्हणून मी ओरडलो. पान्यात बोल्टचे डोके होते. फक्त डोके. धड पट्टीतच राहिले होते.

त्याच वेळी पायांजवळ एक मोटारसायकल थांबली.

"सर? तुम्हीच हाव ना? काय करायलात?"

आवाज ओळखीचा होता. हा मुलगा तीन वर्षांपूर्वी माझ्या प्रथम वर्षाच्या वर्गात होता. चांगला वाचायचा. आईबाप कोयत्यावर जाणारे. त्या वर्षी धाकट्या भावंडांची सोय लागेना म्हणून तोही त्यांच्याबरोबर गेला आणि उन्हाळ्यात परत आला, तोपर्यंत हजेरी कमी म्हणून त्याचे नाव यादीतून गेले होते. त्या कागदावर सही माझी होती. त्यानंतर तो मला रस्त्यात दिसला की वाट बदलायचा, आणि खरे सांगायचे तर मीही बदलायचो. आता तो गॅरेजमध्ये हाताखाली काम करत होता. गल्लीतले बाकी सगळे पायांना विचारून पुढे गेले. हा खाली वाकला, मग सरळ माझ्याशेजारी येऊन आडवा झाला, मोबाइलचा उजेड त्या जोडावर टाकला आणि काही क्षण काहीच बोलला नाही.

"आता हात लावू नका सर," तो म्हणाला. "संध्याकाळी तशीच हळूहळू घेऊन या. उस्तादला मी सांगतो. काचा उघड्या ठेवा पण."

काचा उघड्या कशाला, हे मी विचारले नाही. शिक्षकाने प्रश्न विचारायची सवय विद्यार्थ्यालाच लावायची असते. स्वतःला लावलेली नसते.

उस्ताद साठीच्या पुढचे. दाढी पांढरी, बोटे काळी. खड्ड्यात उतरून त्यांनी माझी कामगिरी पाहिली. माझ्या अंगावर ओरडतील असे वाटले होते, ते हसले.

"सर, ये जंग है. जंग से जंग नहीं करते."

मराठीत ज्याला आपण गंज म्हणतो त्याला हिंदीत जंग म्हणतात, आणि युद्धालाही जंगच. वीस वर्षे श्लेष अलंकार शिकवतो, पण इतके चोख उदाहरण मला वर्गात कधी सुचले नव्हते.

"पण उस्ताद, एवढा गंज आला कुठून? यंदा पाऊस जरा..."

"पाऊस? आपल्या बीड जिल्ह्यात?" ते पुन्हा हसले. "सर, पाणी वरून नाही आलं. आतून आलं."

त्यानंतर त्यांनी जे सांगितले ते मी पुढे पुस्तकांत पडताळून पाहिले. अगदी बरोबर निघाले. पेट्रोलमध्ये कार्बन आणि हायड्रोजन असतो. ते जळते तेव्हा हायड्रोजनचे पाणी होते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते! हंडाभर पाण्यासाठी मैलभर चालणाऱ्या आमच्या मुलखात ही गोष्ट ऐकून कोणीही थक्क होईल. हे पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जाते, पण केव्हा? पाइप तापलेला असेल तेव्हा. गाडी सुरू केल्यावर मागचा सायलेन्सर नीट तापायला पंधरा-वीस मिनिटे तरी लागतात. तोवर वाफ थंड लोखंडावर आदळून तिचे पुन्हा पाणी होते. म्हणूनच सकाळी सुरू केलेल्या गाडीच्या शेपटीतून थेंब ठिबकताना दिसतात. त्या पाण्यात धुरातले आम्ल मिसळते. जो माणूस रोज शंभर किलोमीटर हिंडतो त्याचा सायलेन्सर रोज वाळतो. जो दोन किलोमीटर जाऊन 'विवेकसिंधु' शिकवतो आणि दोन किलोमीटर परत येतो, त्याचा कधीच वाळत नाही.

"मुकादमाची जीप बघा, दहा वर्षं झाली," उस्ताद म्हणाले. "तुमची गाडी घरी बसून सडली."

कोकणात खाऱ्या हवेने गाड्या बाहेरून गंजतात, थंड देशांत बर्फ वितळवण्यासाठी हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात त्याने गंजतात. आमच्या कोरड्या अंबाजोगाईत मी ती करामत नुसती कमी चालवून साधली होती.

आता बोल्ट घट्ट का बसतो? लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा व्यापतो. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमध्ये केसाएवढी फट असते. गंज फुगून ती फट ठासून भरतो. त्यात हा जोड रोज तापतो, रोज निवतो. प्रत्येक वेळी गंज आणखी दाबला जातो. अशा बोल्टला नुसता जोर लावला तर त्याला दोनच मार्ग उरतात: डोके झिजवून घेणे किंवा मान मोडून घेणे. माझ्या दोन बोल्टांनी दोन्ही मार्ग दाखवले होते.

उस्तादांनी त्या संध्याकाळी पाना हातातही घेतला नाही. तारेच्या ब्रशाने दोन्ही जागा घासून स्वच्छ केल्या, गंज सोडवणारे पातळ तेल सोडले, हातोडीने हलके टोले दिले, पुन्हा तेल सोडले. टोल्यांच्या हादऱ्याने गंजाला बारीक भेगा पडतात आणि तेल त्यांतून आत शिरते. "आज रात्रभर पिऊ दे. उद्या बघू."

मी निघणार तेवढ्यात ते खड्ड्यातूनच म्हणाले, "सर, आई गाडीत कुठं बसतात? पुढं की मागं?"

"मागे. का?"

"काचा लावून?"

"धूळ फार असते रस्त्याला. आणि तिला वारा सोसत नाही."

"डोकं दुखतं त्यांचं? मळमळ?"

मी उत्तर देईपर्यंत त्या मुलाने मला खाली बोलावून उजेड दाखवला. जोडापाशी पॅकिंग जळून गेले होते आणि तिथून काजळीचा काळा पंखा गाडीच्या तळावर उमटला होता. त्या पंख्याच्या टोकाला तळाच्या पत्र्यात एक भोक होते. तिथले रबरी बूच केव्हाच पडून गेलेले. भोकाची कड काळी होती.

मला एकदम सगळे आठवले. जुलैपासून आईला डोळे दाखवायला मी तीनदा बीडला नेले होते. तिन्ही वेळा नेकनूरच्या पुढे तिचे डोके जड झाले. परतीच्या वाटेवर ती गुंगीत गेली. केजला चहाला उतरलो की जरा बरे वाटायचे. पुन्हा गाडीत बसले की तेच. "मला ही गाडी लागते रे," ती म्हणायची. मी तिला आवळासुपारी द्यायचो आणि झोप म्हणायचो. झोप म्हणायचो! काचा लावून!

धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकेदुखी, मळमळ, मग झोप येते, आणि वायू पुरेसा असला तर त्या झोपेतून माणूस उठत नाही. मोकळ्या हवेत काही तासांत तो रक्तातून निघून जातो, म्हणून घरी येऊन अंगणात बसल्यावर रात्रीपर्यंत आई ठीक व्हायची आणि आम्ही सगळे विसरून जायचो. पुढच्या सीटवर माझी काच बोटभर उघडी असे. तिचे भोक तिच्या पायांखाली होते. वाचकहो, एवढे मात्र माझ्याकडून ऐका: गाडीत एकाहून अधिक जणांचे डोके दुखू लागले, किंवा एकाचे दर वेळी दुखू लागले, आणि गाडीचा आवाज बदललेला असला, तर आवळासुपारी शोधू नका. काचा उघडा, खाली उतरा आणि सायलेन्सर दाखवा. माणूस शुद्धीवर नसेल किंवा बरळत असेल तर थेट दवाखाना गाठा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून तर कधीच उभे राहू नका.

मी गाडी तिथेच ठेवून चालत घरी आलो. आई पडवीत वाती वळत होती.

"आई, तुला गाडी लागत नव्हती."

"मग काय लागत होतं?"

"धूर."

"मला तर वास आला नाही," ती म्हणाली, आणि पुढची वात वळू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला ओळखीच्या डॉक्टरांकडे नेऊन तपासून आणले. प्रकृती ठीक होती.

दुपारी गॅरेजमध्ये गेलो. एका उसाच्या ट्रकचे काम थांबवून उस्ताद माझ्या गाडीकडे आले, त्याचा मला संकोच वाटला, पण ट्रकचा चालकच म्हणाला, "करा हो मास्तरांचं आधी."

गोल डोक्याचा बोल्ट पहिल्याने घेतला. कालचे तेल फडक्याने कोरडे पुसले, कारण तेलावर ज्योत धरली तर ते पेटते. पेट्रोलच्या नळीवर ओले पोते टाकले, वाळूची बादली जवळ ओढली. मग गॅसची ज्योत धरली, पण बोल्टवर नव्हे. बोल्ट ज्यात बसला होता त्या नटावर. बाहेरचा नट तापून फुलला पाहिजे, आतला बोल्ट शक्यतो थंड राहिला पाहिजे. नट लालसर झाला तशी ज्योत काढली, रंग मावळू दिला आणि मुलाने खिशातून मेणबत्ती काढली. दिवाळीची साधी मेणबत्ती! ती त्याने तापलेल्या आट्यांशी टेकवली. मेण वितळून आत ओढले गेले. जिथे तेलाचा थेंब जळून जातो तिथे मेण शिरते आणि वंगणाचे काम करते. त्यानंतर गोल डोक्यावर एका मापाने लहान असलेली गोटी हातोड्याने ठोकून बसवली, म्हणजे तिने नवे कोपरे धरले.

आता सुटेल म्हणून मी पुढे वाकलो. उस्तादांनी बोल्ट आधी किंचित आवळला.

"आवळता कशाला?"

"तुम्ही पण काल आवळलाच ना?" मुलगा हळूच म्हणाला. त्याला कसे कळले कोण जाणे. पहिल्यांदाच तो माझ्याकडे बघून हसला.

आवळायच्या दिशेने इतकासा, सोडवायच्या दिशेने इतकासा. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. अडला की थांबायचे, मेण द्यायचे. करकर आवाज येत होता आणि तपकिरी भुकटी गळत होती. बोल्ट अर्धा फेरा सुटला की पाव फेरा परत आत न्यायचा, म्हणजे सुटलेला गंज आट्यात अडकून पुन्हा गच्च बसत नाही. दहा मिनिटे हा खेळ चालला. शेवटी बोल्ट बोटांनी फिरला.

बिनडोक्याच्या बोल्टला धरायला काहीच नव्हते. त्याच्या मधोमध ड्रिलने भोक पाडून उलट्या आट्याची खुंटी आत बसवायची, असा एक रस्ता असतो. पण भोक जरा बाजूला गेले की आटे खलास. उस्तादांनी दुसरा रस्ता धरला. बॅटरीची तार सोडवली, मोडक्या बुडख्यावर एक नवा नट ठेवला आणि नटाच्या पोकळीतून वेल्डिंग करून तो बुडख्याला जोडून टाकला. मेलेल्या बोल्टला नवे डोके फुटले, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने गंजाची पकडही ढिली झाली. लाली ओसरल्यावर मुलाने रिंग पाना लावला.

"सर, तुम्ही काढता का?"

मी खड्ड्यात उतरलो. तो शेजारी उभा राहून सांगत होता: इतकासा आवळा, आता सोडा, थांबा, मेण. माझा हात जोर करायला लागला की म्हणायचा, "सर, घाई करायलात." हेच वाक्य मी त्याच्या निबंधाखाली लाल शाईने लिहीत असे. बोल्ट निघाला तेव्हा माझ्या बाहीला काजळी आणि डोळ्यांत भुकटी गेली होती. चष्मा न लावता खाली उतरू नये, हे त्यांनी मला आधीच सांगितले होते.

बाकीचे काम मग भराभर झाले. आटे टॅप फिरवून साफ केले, नवे पॅकिंग, नवा सायलेन्सर, नवे बोल्ट. बोल्टांना तांब्याची पूड मिसळलेले ग्रीस लावले. ते त्या उष्णतेतही टिकते आणि पुढच्या वेळी बोल्ट निमूट सुटतो. जिथे सुटा नट लागतो तिथे उस्ताद पितळेचा वापरतात, कारण पितळ गंजत नाही आणि पोलादाला चिकटत नाही. तळाचे भोक पत्रा लावून बुजवले. मजुरी त्यांनी इतकी कमी सांगितली की मला पुन्हा विचारावे लागले.

मुलाला मी विचारले, पुन्हा परीक्षेला बसणार का. बाहेरून अर्ज भरता येतो, मी पाहतो सगळे. तो पाने पुसत होता. "बघू सर, हंगाम संपल्यावर," म्हणाला. नंतर म्हणाला, "कागद काय काय लागतात?" मी ती यादी त्याच गॅरेजच्या बिलामागे लिहून दिली.

भाऊबीजेला आम्ही निघालो. आई मागेच बसली. पत्नीने तिची काच चार बोटे खाली केली आणि आईने कानाला मफलर बांधला. रस्त्याने उसाच्या गाड्या चालल्या होत्या. वर भांडी, गाठोडी, शेळ्या आणि गाठोड्यांवर बसलेली पोरे. केजला मी सवयीने चहाच्या टपरीशी गाडी थांबवली.

"कशाला थांबलास?" आई मागून म्हणाली. "चल पुढं. ती वाट बघत असेल."